तीन चिमटी मोहरी आणि वेणूचं कढण

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाच्या टोकाला कुंभाराचं इवलंसं घर होतं. त्या घरात वेणू राहायची. नऊ वर्षांची, दोन तुरतुरीत वेण्या, आणि गालावर कायम मातीचा एक ठिपका. घरात ती आणि तिचे बाबा, दोघंच. आई दोन वर्षांपूर्वी देवाघरी गेली होती.

वेणूचे बाबा म्हणजे सदू कुंभार. माणूस मोठा गुणी. चाकावर मातीचा गोळा ठेवला की बघता बघता त्याचं गोल गरगरीत मडकं व्हायचं, आणि भाजलेल्या मडक्याला टिचकी मारली की ते किणकिण वाजायचं. पण त्या वर्षी बाबांना ताप आला. दहा दिवसांनी ताप गेला खरा, पण जाताना बाबांच्या तोंडाची चव घेऊन गेला. भाकरी खाल्ली तर माती, भात खाल्ला तर माती!

“बाबा, एकच घास,” वेणू म्हणायची.

“नको गं पोरी. मातीत हात घालण्यात जन्म गेला, आता तोंडातही मातीच आली,” असं म्हणून बाबा कसनुसं हसायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे.

बाबा वाळून काडी झाले. चाक थांबलं. मडकी नाहीत म्हणजे बाजार नाही, आणि बाजार नाही म्हणजे डब्यांत दाणे नाहीत. एका डब्याच्या तळाशी कुळीथ तेवढे उरले होते, तांबूस, चपटे, टिकलीएवढे. दुसऱ्या कुठल्याच डब्यात खडखड वाजण्याइतका दाणा नव्हता.

एक दिवस वैद्यबुवा आले. त्यांनी नाडी बघितली आणि वेणूला ओट्यावर बोलावून घेतलं.

“पोरी, मी दिलेल्या पुड्या चांगल्या आहेत. पण पोटात अन्नच नसेल तर त्या लागू तरी कशा पडणार? तीन दिवसांत तुझ्या बाबांनी वाटीभर काहीतरी मनापासून खाल्लं पाहिजे. नाहीतर माझे हात टेकले असं समज.”

वेणूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती धावत बाबांजवळ गेली. “बाबा, तुम्हाला काय खावंसं वाटतं? काहीही सांगा!”

बाबा भिंतीकडून तिच्याकडे वळले. “तुझी आई कढण करायची ना, ते असतं तर प्यालो असतो,” ते म्हणाले.

आता कढण म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, त्याची मला खरंच कीव येते. कुळीथ मऊ मऊ शिजवायचे. त्यांचं दाटसर, विटकरी रंगाचं पाणी काढून घ्यायचं. त्यात आमसूल, मीठ, तिखट आणि वरून लसणीची चुरचुरीत फोडणी! झालं कढण. ना त्यात केशर, ना बदाम. पण पंचपक्वान्नांचं ताट एका बाजूला ठेवा आणि कढणाची वाफाळती वाटी दुसऱ्या बाजूला ठेवा. आजारातून उठलेला माणूस वाटीकडेच हात नेणार. राजा असला तरी तेच करणार.

वेणूने आईला कढण करताना पुष्कळदा पाहिलं होतं, पण स्वतः कधी केलं नव्हतं. तरी तिने पदर, म्हणजे आपली ओढणी, खोचली आणि चूल पेटवली. कुळीथ रटरट शिजले. सूर्य डोंगराआड गेला तेव्हा तिच्या लक्षात आलं की फोडणीला कढीलिंबाची पानं नाहीत.

घरामागे परसात कढीलिंबाचं झाड होतं. आईनेच लावलेलं, हिरवंगार, नाजूक पानांचं. वेणूने एक डहाळी धरली आणि तिला एकदम आई आठवली. आई म्हणायची, “तिन्हीसांजेला पान तोडू नये, वेणू. दिवसभर उन्हात उभं राहून झाड दमतं आणि मग झोपतं. झोपलेल्याला कुणी चिमटा काढतं का?”

वेणूने हळूच हात मागे घेतला. मग ती गुडघ्यांवर बसली आणि झाडाखाली पडलेली पानं एकेक करून वेचू लागली. सात मिळाली. सुकलेली होती, कडेने पिवळी पडलेली होती.

“मी एवढ्यावरच भागवीन,” ती झाडाला म्हणाली. “तू झोप हं.”

“झोप म्हणालीस आणि मला जागं केलंस की!” झाडातून एक नाजूक आवाज आला.

पानापानांवर हिरवे, सोनेरी कण चमचमू लागले. त्या उजेडातून एक परी अलगद खाली उतरली. केवढी, तर करंगळीएवढी! तिचे पंख कढीलिंबाच्या कोवळ्या पानांचे होते आणि त्यांना चांदीची बारीक झालर होती. परकर हळदीच्या रंगाचा, पोलकं लालचुटुक मिरचीच्या रंगाचं, आणि पायांत मोहरीच्या दाण्यांचे पैंजण. ती हलली की रुणझुण व्हायची आणि सगळ्या परसात खमंग वास सुटायचा.

“भिऊ नकोस गं,” परी म्हणाली. “या वेळेला गावातली सगळी माणसं खुशाल पानं ओरबाडतात. तुझी एवढी नड होती, तरी तू हात मागे घेतलास. म्हणून हे घे.”

तिने पानाची एक चिमुकली पुडी पुढे केली. आत काळीभोर मोहरी होती आणि दाण्यादाण्यात एकेक चांदणी लुकलुकत होती.

“ही तीन चिमटी मोहरी आहे. एका फोडणीला एक चिमूट, आणि एका चिमटीला एक मागणं. पण नियम नीट ऐक. मोहरी तडतडते आहे तोवरच मागायचं. मोहरी गप्प झाली की मीही गप्प.”

“एवढंच ना?” वेणू म्हणाली आणि आनंदाने घरात पळाली.

एवढंच! मोहरी किती वेळ तडतडते हे तुम्ही कधी मोजलंय का? वेणूने मोजलं नव्हतं. तिने तेल तापवलं, पहिली चिमूट टाकली, हात जोडले आणि आईने शिकवल्याप्रमाणे नम्रपणे सुरुवात केली, “परीताई, तुला त्रास होणार नसेल, आणि तुझं दुसरं काही काम खोळंबणार नसेल, तर माझ्या बाबांना...”

तड, तड, तड... आणि मोहरी गप्प!

मागणं अर्धंच राहिलं. फोडणी जळून कोळसा झाली. बाबांनी कढणाचा एक घोट घेतला आणि वाटी हळूच बाजूला सरकवली. वेणूला वाईट वाटू नये म्हणून ते काही बोलले नाहीत, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी वेणूने मागणं कापून छाटून छोटं केलं. ‘बाबांची चव परत दे.’ बस्स! सकाळपासून ती तेच घोकत होती. कुळीथ शिजले, तेल तापलं, दुसरी चिमूट पडली. तड तड तड! वेणूने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दारात शेजारच्या मथुराकाकू धापा टाकत आल्या.

“वेणू, अगं माझी चांदी पाहिलीस का? काल रानात गेली ती परतलीच नाही गं! गाभण गाय माझी, आणि रानात वाघ फिरतोय म्हणतात. आता मी काय करू?” काकूंना पुढे बोलवेना. त्या उंबऱ्यावर मटकन बसल्या.

मोहरीचे शेवटचे दोन-तीन दाणे तडतडत होते. वेणूने बाबांच्या खाटेकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “काकूंची चांदी घरी येऊ दे!”

मोहरी गप्प झाली. आणि बाहेर, टण टण टण, गळ्यातली घंटा वाजली. पांढरीशुभ्र चांदी डुलत डुलत वाटेने येत होती, आणि तिच्या मागे लटपटत्या पायांनी एक पिटुकलं वासरू! काकू हसत होत्या आणि रडतही होत्या. वेणूलाही हसू आलं, पण चुलीकडे वळताना तिचा चेहरा उतरला. पुडीत आता एकच चिमूट राहिली होती.

संध्याकाळी काकू लसणीचे चार टपोरे गड्डे घेऊन आल्या. मडक्यातलं कढण त्यांनी चाखलं आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

“चुकतंय कुठे, सांगू? तू फोडणी टाकतेस आणि कसला तरी विचार करत बसतेस. अगं, फोडणी म्हणजे तान्हं मूल. त्याच्याकडे पाठ फिरवायची नाही. मोहरी तडतडली की लगेच ठेचलेला लसूण. लसूण बदामी झाला की पानं. मग चिमूटभर हिंग, की लगेच चर्र करून कढणात ओत. मध्ये श्वास घ्यायलासुद्धा थांबायचं नाही.”

“पण काकू, मध्ये थोडं बोलायचं असलं तर?”

“फोडणीशी बोलायचं. दुसऱ्या कुणाशी नाही,” काकू ठासून म्हणाल्या.

तिसरा दिवस उजाडला. वैद्यबुवांच्या मुदतीतला शेवटचा. बाबा डोळे मिटून पडले होते. आज चुकून चालणार नव्हतं.

तिने सकाळच्या उन्हात झाडाला विचारून दोन ताज्या डहाळ्या घेतल्या. लसूण ठेचला. हिंगाची डबी हाताशी ठेवली. कुळथाचं पाणी गाळून मडक्यात ओतलं, त्यात आमसुलं सोडली, मीठ आणि तिखट घातलं. मग तेल तापलं आणि तिने शेवटची चिमूट टाकली.

तड तड तड! दाणे उडाले, सोनेरी ठिणग्या नाचल्या. लगेच लसूण! लसणीच्या कडा हलक्याच तांबूस झाल्या, बदामी झाल्या. आता पानं! पानं चुरचुरली, काचेसारखी कुरकुरीत झाली. हिंग! आणि चर्रर्र! फोडणी कढणात पडली. वाफेचा एक पांढरा ढग उठला आणि असा काही वास सुटला म्हणता, की ओट्यावरच्या चिमण्यासुद्धा माना वळवून बघू लागल्या.

वेणू त्या वासात उभी राहिली आणि हसली. मग तिचा हात एकदम तोंडावर गेला.

मागणं! मागायचं राहूनच गेलं होतं.

पुडी रिकामी होती आणि मोहरी गप्प होती. वेणू चुलीपुढे बसली आणि हमसून हमसून रडू लागली. केवढं मोठं काम तिच्यावर सोपवलं होतं, आणि ती फोडणी बघत बसली!

“वेणू,” आतून आवाज आला. “फोडणी कुणी केली गं?”

वेणूने वळून पाहिलं. बाबा खाटेवर उठून बसले होते. कुणी न उठवता, आपले आपण.

तिने वाटी भरून नेली. बाबांनी एक घोट घेतला. मग दुसरा. मग त्यांनी भुवया आवळल्या.

“हे तुझ्या आईचं कढण नाही,” ते म्हणाले. “ती आमसूल कमी घालायची. हे जरा आंबट आहे.”

वेणू डोळे विस्फारून बघत राहिली. “बाबा, तुम्हाला आंबट लागलं?”

बाबाही थबकले. त्यांनी पुन्हा एक घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि त्यांचे डोळे भरून आले. “आंबट लागलं गं! खारट लागलं, तिखट लागलं! हे तुझ्या आईचं नाही, पोरी, हे तुझं आहे. वाढ आणखी.”

बाबा तीन वाट्या कढण प्याले. तिसरी तर पुसून पुसून चाटली!

बाबा शांत झोपल्यावर वेणू कोनाड्याजवळ गेली. तिथे तिची भातुकली होती, बाबांनीच केलेली, मातीची. त्यातली अंगठ्याच्या नखाएवढी वाटुकली तिने कढणाने भरली आणि सांडू न देता परसात नेली.

“परीताई,” ती झाडापाशी म्हणाली, “शेवटचं मागणं राहून गेलं माझं. असू दे. पण कढण गरम आहे, तू जेवून जा.”

पानं सळसळली. परी खाली उतरली. वाटुकलीकडे नुसती बघत राहिली.

“किती वर्षं मी स्वयंपाकघरांच्या मागे राहते आहे, वेणू,” ती शेवटी म्हणाली. “सगळ्या गावाच्या फोडण्यांचा वास घेते. मागायला सगळे आले. जेवून जा असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.”

तिने दोन्ही हातांनी वाटुकली उचलली आणि कढण प्याली. तिखट लागून तिचं इवलंसं नाक लाल झालं, हुश्श हुश्श करत ती हसली, आणि तिने वाटुकली पुन्हा पुढे केली. वेणूने धावत जाऊन ती पुन्हा भरून आणली.

“तुझ्या हाताला चव द्यावी असं माझ्या मनात होतं,” परी तृप्त होऊन म्हणाली. “पण ती तू स्वतःच मिळवलीस, माझ्याकडे न मागता. तेव्हा मी दुसरं देते. तुझ्या चुलीवरचं कढण दारी आलेल्या कुणालाही कधी कमी पडणार नाही. नियम एकच, मोजायचं नाही. वाढत राहायचं.”

तिचे पंख उजळले. आधी हिरवे, मग हळदीसारखे पिवळे, मग इतके लख्ख की वेणूने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा परी नव्हती. झाड मात्र पांढऱ्या फुलांच्या घोसांनी नखशिखांत फुललं होतं, आणि बुंध्याशी वाटुकली पालथी पडली होती, चाटून पुसून स्वच्छ.

बाबा आठवड्यात चाकावर बसले. पहिलं मडकं त्यांनी वेणूच्या कढणासाठी केलं, पोटाचं मोठं आणि तोंडाचं रुंद. वाटसरू येत, गुराखी येत, मथुराकाकू तर रोजच येत, आणि कढण पुरून उरत असे. वेणू कधी मोजत नसे. तिन्हीसांजेला त्या घरात कुणी पान तोडत नसे, आणि मोहरी तडतडत असताना कुणी वेणूशी बोलत नसे.

कुळथाची ही कहाणी मंद आचेवर शिजली, फोडणी देऊन वाढली. ज्याने ऐकली त्याचं पोट भरो, आणि ज्याचं भरलं त्याने दुसऱ्याला जेवून जा म्हणावं.