बोटीवरच्या शेवया

समुद्राच्या काठी, जिथे वाळू संपते आणि केवड्याची काटेरी बनं सुरू होतात, तिथे शेवंतीचं इवलंसं घर होतं. घरासमोर अंगण होतं, अंगणात एक वाकडा माड होता, आणि मागच्या बाजूला चिमुकली चूल. पूर्वी त्या चुलीचा धूर निळा निळा होऊन माडाच्या झावळ्यांत खेळायचा. आता चूल थंड होती. तिच्या राखेत मांजरी येऊन निजायच्या.

शेवंतीचे बाबा, हरबा, मोठ्या बोटीवर स्वयंपाकी होते. लांबलांबच्या बंदरांना त्यांची बोट जायची. घरी आले की ते आईला चुलीपाशी बसवून ठेवायचे आणि स्वतः रांधायचे. पण त्या वर्षी वादळ झालं आणि बोट बुडाली. सांगायला आलेली माणसं अंगणातच उभी राहिली. त्यांनी मान खाली घालून सांगितलं आणि पाणीही न घेता ती परत गेली.

तेव्हापासून आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती बोलत नव्हती, रडतही नव्हती. घासभर पेज तोंडात घातली तर ती तशीच ओठांवरून खाली ओघळायची. शेजारची म्हातारी भागीकाकी रोज आपल्या वाट्याची अर्धी पेज आणून द्यायची. तिला नीट दिसत नव्हतं, भिंतीला हात लावत लावत यायची. एके दिवशी तिने मंजुळाच्या, म्हणजे शेवंतीच्या आईच्या, मनगटाला हात लावून पाहिला आणि शेवंतीला बाहेर नेऊन हळूच सांगितलं, की पोरी, हिने आता खाल्लं नाही तर हीसुद्धा तुझ्या बाबाच्या वाटेने जाईल.

शेवंतीने कळशी उचलली आणि ती पाण्याला निघाली, कारण घरातलं पाणी संपलं होतं आणि दुसरं कुणी आणणारं नव्हतं.

गोड्या पाण्याचा झरा लांब होता, सुरंगीच्या राईपलीकडे. त्या दिवसांत सुरंगी फुलली होती. काळ्या काळ्या फांद्यांना पांढऱ्या कळ्या अशा चिकटल्या होत्या, जणू कुणी मोत्यांची मूठ उधळली असावी. फुललेल्या फुलांच्या पोटात पिवळी धमक केसरं होती आणि सगळ्या राईत मधासारखा वास भरला होता. शेवंतीला मात्र त्यातलं काही दिसत नव्हतं. ती भरलेली कळशी कमरेवर घेऊन खाली मान घालून परतत होती.

तेवढ्यात तिला कुणीतरी कण्हल्यासारखं वाटलं. सुरंगीच्या बुंध्याशी, सुकलेल्या पानावर, अंगठ्याएवढी एक बाई पडली होती. तिचं लुगडं पिवळ्या केसरांचं होतं. पंख होते शिंपल्याच्या आतल्या अंगासारखे, गुलाबी आणि निळसर, पण ते मिठाने कडक झाले होते. खाऱ्या वाऱ्याने त्यांच्यावर पांढरी खपली धरली होती.

"थोडं गोडं पाणी देशील, बाळ?" ती म्हणाली. "मला उडता येत नाही."

शेवंतीने कळशी खाली ठेवली. ओंजळ ओंजळ पाणी घेऊन तिने ते चिमुकले पंख धुतले. मीठ चिवट होतं, सहज सुटेना. शेवंती हळूहळू, बोटाच्या टोकाने, पाणी ओतत राहिली. शेवटची खपली निघाली तेव्हा कळशी रिकामी झाली होती. पंख झुळझुळले, त्यांच्यावरून इंद्रधनुष्याचा एक बारीकसा तुकडा सरकत गेला, आणि ती इवलीशी बाई हवेत उभी राहिली. ती सुरंगीच्या राईतली परी होती.

परीने झाडावरच्या तीन कळ्या खुडून शेवंतीच्या तळहातावर ठेवल्या. एकेक कळी ओठांशी धरून मागितलं की मिळेल, असं ती म्हणाली. पण नियम होते, आणि ते तिने नीट समजावून सांगितले. गेलेलं माणूस परत मागायचं नाही. कुणाचं मन वळवायला सांगायचं नाही. आणि जे मिळेल ते सूर्य समुद्रात बुडेपर्यंतच राहील, त्यानंतर नाही.

शेवंतीच्या मनात पहिली इच्छा होती, बाबांनी परत यावं, आणि ती पहिल्या नियमातच गेली. दुसरी होती, आईने खावं, ती दुसऱ्या नियमात गेली. तिचे डोळे भरून आले. तिने परीला नमस्कार केला, झऱ्यावर जाऊन पुन्हा कळशी भरली आणि घरी आली.

आईला आवडेल असं काय मागावं, याचा विचार करताना तिला बाबांच्या शेवया आठवल्या. बोटीवर ते परदेशी लोकांसाठी पास्ता करायचे, मलईतला, कोळंबी घातलेला. घरी तो पास्ता कुठून मिळणार? मग ते तांदळाच्या शेवया पाडायचे आणि मलईच्या जागी नारळाचं जाड दूध घालायचे. आजूबाजूची माणसं त्याला बोटीवरच्या शेवया म्हणायची. आई त्या ताटलीत पुन्हा पुन्हा वाढून घ्यायची.

ऊन कलल्यावर शेवंतीने पहिली कळी ओठांशी धरली आणि त्या शेवया मागितल्या. चुलीजवळ लख्ख पांढरं भांडं उमटलं. त्यात दुधाळ, चकचकीत शेवया होत्या, त्यांच्यात शेंदरी कोळंब्या पोवळ्यांसारख्या झळकत होत्या. राजाच्या घरीही इतकं सुंदर ताट कुणी पाहिलं नसेल. शेवंतीने ते आईच्या उशाशी नेलं, घास तिच्या ओठांना लावला. आईने डोळेही उघडले नाहीत.

सूर्य पाण्याच्या जवळ आला होता. अन्न वाया जाऊ नये म्हणून शेवंती भांडं घेऊन भागीकाकीकडे पळत गेली. उपाशी म्हातारीने ते पोटभर खाल्लं. मग बोटं पुसत ती विचारात पडली.

"चांगलं आहे गो," ती म्हणाली, "पण कुणी केल्यासारखं लागत नाही."

शेवंती भांडं घेऊन परत आली तोवर सूर्य बुडाला होता, आणि हातात भांड्याच्या जागी मूठभर फेस आणि वाळू उरली होती.

दुसऱ्या दिवशी तिने सकाळपासून तयारी केली. ओहोटीला ती खाडीवर गेली आणि ओल्या वाळूत बोटं खुपसून तिसऱ्या काढल्या, करड्या, नक्षीदार, बोटाच्या पेराएवढ्या शिंपल्या. खडकांच्या खळग्यांत अडकलेली कोळंबी तिने टोपलीने उपसली. ती पारदर्शक होती, काचेची केल्यासारखी. बाबांनी लावलेल्या वेलावरची मिरी तिने तोडली. घरात तांदळाचं पीठ होतं, लसूण होता, अंगणात पडलेला नारळ होता. करायचं कसं, तेवढंच तिला माहीत नव्हतं. बाबा रांधायचे तेव्हा ती अंगणात खेळत असायची.

ऊन उतरू लागलं तशी तिने चूल पेटवली आणि दुसरी कळी ओठांशी धरली. बाबा कसं करायचे ते मला दिसू दे, असं ती म्हणाली.

चुलीवरच्या धुरात दोन हात दिसू लागले. नुसते हात. अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग होता. ते बाबांचेच हात होते. शेवंतीने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला वाटलं, त्यांना धरावं आणि चेहरा येईपर्यंत ओढावं. पण सूर्य माडाच्या शेंड्याखाली आला होता. तिने डोळे पुसले आणि हात करत होते तसं ती करू लागली.

हातांनी उकळत्या पाण्यात मीठ घातलं, तिनेही घातलं. हातांनी पिठाची उकड काढली, मळली, गोळे करून पाण्यात सोडले, तिनेही सोडले. गोळे शिजून वर आले. मग हातांनी कोपऱ्यातला लाकडी शेवगा दाखवला, गोळा घालून वरून दाबला की खालून शेवया पडतात तो. गोळा गरम आहे तोवरच दाबायचा. गार झाला की तो दगड होतो.

शेवंतीने दाबलं. दांडा हलला नाही. ती त्याच्यावर लोंबकळली, पोट टेकून सगळं अंग टाकलं, तरी एकही शेवई पडली नाही. धुरातले हात तिच्या हातांवर आले, पण त्यांना भार नव्हता. ते धुराचेच होते. शेवगा पाटावर नुसता ठक ठक वाजत राहिला. गोळा निवू लागला होता. एक कळी शिल्लक होती. शेवंतीने कमरेला खोचलेल्या त्या कळीकडे हात नेला.

तेव्हा मागून दोन हात आले आणि दांड्यावर टेकले. ते हाडकुळे होते, पण खरे होते.

आई उठून आली होती. भिंतीचा आधार घेत, पदर जमिनीवर लोळवत. दोघींनी मिळून दांडा दाबला आणि खालून शेवयांची पांढरी शुभ्र झालर सुटली, मऊ, वाफाळती, न तुटणारी.

आई चुलीपाशी बसली. तिला धाप लागली होती. शेवंतीने तिला पाणी दिलं आणि ती नारळ खवू लागली. आईने तो खव तिच्या हातून घेतला, गरम पाणी घालून पिळला आणि पहिलं जाड दूध वेगळं काढलं. इतक्या दिवसांनी ती बोलली, तेव्हा तिचा आवाज गंजलेल्या कडीसारखा होता.

"आधी लसूण," ती म्हणाली. "मग तिसऱ्या. झाकण ठेव, आपोआप उघडतील."

धुरातले हात आता पुसट झाले होते. शेवंतीच्या ते लक्षातही आलं नाही, कारण ती आईच्या हातांकडे बघत होती. लसूण तेलात सोनेरी झाला. तिसऱ्यांनी झाकणाखाली टकटक करत आपली इवलाली तोंडं उघडली आणि त्यांचं समुद्रासारखं पाणी सुटलं. कोळंबी पडताच गुलाबी होऊ लागली. ती अर्ध्या चंद्रासारखी वळली की उतरवायची, पुरा चंद्र झाला की चिवट होते, असं आईने सांगितलं. मग नारळाचं दूध. ते उकळू द्यायचं नाही, नाहीतर फाटतं, म्हणून तिने विस्तव बाजूला ओढला. शेवटी शेवया, आणि वरून मिरी, भरडलेली.

सगळं इतक्या झटपट झालं, की सूर्य अजून पाण्याच्या वर होता. शेवंती एक वाटी भरून भागीकाकीला देऊन आली. परतली तर आई ताटली पुढ्यात घेऊन बसली होती. दुधाळ शेवयांवर संध्याकाळचा केशरी उजेड पडला होता.

आईने घास घेतला. तो चावला, गिळला. शेवंती बघत राहिली.

"मिरी जास्त झाली," आई म्हणाली.

आणि मग ती रडली. वादळानंतर पहिल्यांदाच रडली, ताटलीवर वाकून, मोठ्याने, हुंदके देऊन. शेवंतीही तिला बिलगून रडली. रडता रडता दोघी जेवल्या. आईने थोडं आणखी वाढून घेतलं.

इतक्यात अंगणात झगमग झाली. सुरंगीची परी वाकड्या माडाशी तरंगत होती, तिच्या पंखांतून गुलाबी निळ्या ठिणग्या गळत होत्या. ती म्हणाली, की एक कळी अजून उरली आहे, आणि सूर्य आता पाण्याला टेकतो आहे.

शेवंतीने कळी काढली. धुरात तिने हात पाहिले होते, चेहरा नव्हता. बाबांचा चेहरा एकदा दिसावा, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिने आईकडे पाहिलं. मागणं तिने फक्त स्वतःपुरतं मागितलं होतं. आईला तर काहीच दिसलं नव्हतं, हातही नाहीत.

"आईला बाबांचं काहीतरी मिळू दे," ती म्हणाली. "तुम्हाला देता येईल ते."

परीने मान हलवली. गेलेलं माणूस देता येत नव्हतं. पण तिने कळीवर फुंकर घातली, कळी फुलली, आणि अंगणातून, समुद्राच्या बाजूने, आवाज आला. खूप दुरून यावा तसा, पण स्वच्छ.

"जेवलीस गो, मंजू?"

आईचा हात ताटलीवर थांबला. ती दाराकडे बघत राहिली. शेवंतीनेही ऐकलं होतं.

"जेवले," आई म्हणाली. "पोरगीपण जेवली."

पुन्हा आवाज आला नाही. परीच्या पंखांतला उजेड वाढत गेला, अंगण, माड, केवड्याची बनं सगळी पिवळ्या धमक केसरांसारखी उजळून निघाली, आणि त्या उजेडात परी विरघळून गेली. त्याच क्षणी सूर्य बुडाला.

दुसऱ्या दिवशी शेवंतीला रांधलेलं काहीच आठवेना. किती मीठ, आधी काय, मग काय, कळीने दिलेलं सगळं बुडत्या सूर्याबरोबर तिच्या हातांतून निघून गेलं होतं. आई अजून अशक्त होती आणि मधूनच तिचे डोळे भरून यायचे. ते पुढेही बरेच दिवस भरून येत राहिले. पण सकाळी उठून तिने चुलीतली राख काढली आणि शेवंतीला म्हणाली, की ओहोटी किती वाजता आहे ते भागीकाकीला विचारून ये, तिलाही जेवायला बोलव, आज मिरी मी घालते.