शेळ्यांना भिणारी डोंगरीण

समुद्राकाठच्या एका बंदराची ही गोष्ट. तिथे वेशीवर एक पहारेकरी असे. स्वतःला भारी शहाणा समजायचा! परका माणूस दिसला की चेहरा बघायचा, दोन शब्द ऐकायचा आणि मनगटाला फीत बांधून मोकळा व्हायचा. वाळवंटातल्या लोकांना लाल फीत, त्यांनी ओझी वाहायची. डोंगरातल्यांना हिरवी, त्यांनी शेळ्या राखायच्या.

एके दिवशी बारीक डोळ्यांची एक बाई आली. "मी होड्या..." एवढंच ती अडखळत म्हणाली, तोच मनगटाला हिरवी फीत!

"डोंगरात कसल्या आल्यात होड्या? जा, शेळ्या राख!"

गंमत अशी, की बाई शेळ्यांना जाम भ्यायची. शेळ्यांना ते पहिल्याच दिवशी कळलं. संध्याकाळी त्याच तिला हाकत घरी आणायच्या. 

त्या वर्षी गावातलं धान्य संपत आलं. समुद्र खवळायच्या आत पलीकडच्या बेटावरून धान्य आणायला हवं होतं, आणि मोठ्या होडीला नेमकी गळती लागली. सुतारांनी फटींत तीनदा कोरडा कापूस कोंबला, तीनदा पाणी आत आलं. पोरंबाळं उपाशी मरणार, या विचाराने गाव हवालदिल झालं.

बाईला राहवेना. "कापूस तेलात, राळेत भिजवा. पीळ द्या. मग ठोका."

सगळे खो खो हसले. "शेळ्या राखणारी आम्हाला शिकवतेय!"

"मीच ठोकते. पहिली मीच बसते. बुडाले तर मी बुडेन."

सुतारांनी हातोडा तिच्यापुढे केला. दोन दिवस ती ठोकत होती. होडी पाण्यात उतरली, बाई आत बसली. तळाशी एक थेंब नाही! आठवड्यात धान्य आलं आणि गावाने तिला खांद्यावर घेऊन मिरवलं.

पहारेकरी सगळ्यात पुढे. "डोंगरी माणसं म्हणजे होड्यांतली उस्ताद! उद्यापासून सगळ्या डोंगऱ्यांना होडीच्या कामावर घ्या!"

बाईने कपाळावर हात मारला. "अहो दादा, माझ्या भावाला होडीत पाय ठेवला की उलट्या होतात! तो मिठाई करतो. माझे वडील डोंगरातल्या तळ्यावर होड्या बांधायचे, म्हणून मला येतं. ज्याला त्याला विचारा की!"

तिने आपली फीत तोडून फेकली. मग दुसऱ्याने, तिसऱ्याने. लाल-हिरवा ढीगच झाला. बाईने तो तेलात, राळेत भिजवला आणि दुसऱ्या एका गळक्या होडीच्या फटींत ठोकून टाकला.

पहारेकरी मान खाली घालून जवळ आला. "ताई, तुमचं नाव काय?"

"पेमा," ती हसून म्हणाली. "आणि त्या शेळ्या तेवढ्या दुसऱ्याला द्या!"

तात्पर्य: माणूस कुठला ते कळलं म्हणून माणूस कळत नाही, आधी त्याचं वाक्य तरी पुरं होऊ द्यावं.