शरावती आणि तांब्याचे झाकण

एका राज्यात पक्षी माणसांशी बोलत, डोंगर आपापली नावे सांगत, आणि त्याचे कोणालाच नवल वाटत नसे. तिथला राजा चंडवर्मा. त्याच्या पदरी शरावती नावाची जासूद होती. सूर्य उगवताना पत्र तिच्या हाती द्यावे आणि उन्हे डोक्यावर येण्याआधी ते बारा कोसांवरच्या ठाण्यावर पोचावे, असे तिचे पाय. तिला आईबाप नव्हते, नवरा नव्हता. शेजारची कुंभारीण तुळजा हीच तिची सोबत.

एके वर्षी राजाने जुन्या गढीचा पाया खणवला. खाली तांब्याची घागर निघाली. तोंडाला लाखेचे लिंपण, झाकणावर मंत्र कोरलेला.

प्रधान म्हणाला, "महाराज, उघडू नये."

राजाने उघडली. झाकण घारीसारखे उडाले आणि क्षितिजापलीकडे गेले. घागरीतून तांबडी वाफ निघाली आणि घरोघर ताप शिरला.

ताप नऊ दिवस राहत असे. काही माणसे गेली, बरीच उठली. शरावतीही दहाव्या दिवशी उठली, न्हाली, पेज प्यायली आणि अकराव्या दिवशी पत्र घेऊन बारा कोस धावली. दुसऱ्या दिवशी ठीक होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला हात उचलता येईना.

महिना गेला, दोन महिने गेले. उजेड डोळ्यांत टोचे. शेजारी भांडे पडले तरी आवाज कवटीत घुमे. ओळ वाचायला घ्यावी तर शेवट येईपर्यंत सुरुवात हरवून जाई. रात्रभर झोपली तरी झोप अंगाला लागत नसे. एखाद्या सकाळी बरे वाटे. ती घर झाडून काढी, आणि पुढचे चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राही.

राजवैद्य आला. त्याने मनगट धरले.

"नाडी उत्तम. जीभ स्वच्छ. ताप नाही. रोग नाही."

"मग मला उठवत का नाही, वैद्यराज?"

"ते आपल्या मनाला विचार," असे म्हणून तो गेला.

ती एकटी नव्हती. नगरात असे एकशे चाळीस जण होते. तुळजाही त्यांत होती. चाक फिरवता फिरवता ती ओल्या मातीवर कोसळली होती. वैद्याने सगळ्यांच्या नाड्या पाहिल्या आणि राजाला एकच उत्तर दिले. राजा संतापला.

"रोग नाही, तर काम का नाही? पौर्णिमेच्या सूर्यास्तापर्यंत जे कामावर येणार नाहीत, ते सारे दगडखाणीत जातील. घाम गाळला की आळस उतरेल. धाक म्हणून पाच जणांना आजच न्या."

त्या पाचांत तुळजा होती. चौथ्या दिवशी तिचा देह परत आला. तिच्या दारात लोक जमले, आणि शरावतीला तिथवर चालत जाणेही झाले नाही. ती अंथरुणातून ऐकत राहिली.

तेव्हा तिच्या खिडकीत एक धनेश पक्षी येऊन बसला. चोच पिवळी, नांगरासारखी.

"रडून झाले असेल तर ऐक," धनेश म्हणाला. "घागर उघडणाऱ्याला शाप लागतो. त्याने पसरवलेले दुःख त्याच्याच डोळ्यांना दिसत नाही. राजाने स्वहस्ते झाकण बसवले, तर शाप तुटेल."

"झाकण कुठे आहे?"

"सात कोसांवर, मिठाच्या टेकडीत. एक चेटकीण ते राखते. सात वीर गेले, सातांचे दगड झाले."

"झाकण बसले तर मी बरी होईन?"

धनेश खोटे बोलत नसे. "ते झाकणाच्या हाती नाही."

"आणि बाकीचे खाणीतून वाचतील?"

"वाचतील."

शरावतीने चादर बाजूला केली. पौर्णिमेला चौदा दिवस उरले होते.

पहिल्या दिवशी तिला बरे वाटत होते. ती दोन कोस चालली.

"थांब," धनेश म्हणाला.

"अजून चालवते आहे."

"म्हणूनच थांब."

तिने ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी आणखी एक कोस गेली. तिसऱ्या दिवशी करंजाच्या झाडाखाली तिचे शरीर मिटले. तीन दिवस ती तिथेच पडून होती. धनेश चोचीतून उंबरे आणी, भिजलेली पाने आणून तिच्या ओठांवर पिळी. तीन दिवस गेले, आणि तिला एक गोष्ट कळली: शिक्षा चालतानाच मिळत नाही, उशिरा मिळते, म्हणून दमल्यावर थांबून उपयोग नाही. चालवते आहे तोवरच थांबायचे.

सांगायला सोपे होते. दिवस सरत होते, वाट समोर होती, पाय पुढे जायला तयार होते. आणि ती अर्धा कोस झाला की जमिनीवर आडवी होई. बारा कोसांची धाव तिला कधी इतकी जड गेली नव्हती. मनात खाणीतले घण वाजत. तरी ती उठत नसे. असे आठ दिवस गेले, आणि तेराव्या दिवशी दुपारी ती मिठाच्या टेकडीपाशी पोचली.

पायथ्याशी सात वीर धावण्याच्या पवित्र्यात दगड होऊन उभे होते. वर गुहेच्या तोंडाशी चेटकीण बसली होती. केस मिठाचे, डोळे ओले.

"तीन कामे," ती म्हणाली. "पहिले. या शंभर पायऱ्या चढून ये. ज्याचा घाम मिठावर पडेल, तो दगड होईल."

शरावतीने पायऱ्यांकडे पाठ केली आणि पहिल्या पायरीवर बसली. मग हातांवर भार देऊन दुसरीवर. तीन पायऱ्या, की विसावा. पुन्हा तीन. कपाळ दमट होऊ लागले की ती डोळे मिटून वाऱ्याची वाट पाही. विसाव्या पायरीवर तिला हुंदका आला, तोही तिने गिळला, आसवेसुद्धा खारटच. ऊन उतरले तेव्हा ती शंभराव्या पायरीवर होती आणि मीठ कोरडे होते.

"दुसरे," चेटकीण म्हणाली. "माझ्या डोळ्यांत पाहा आणि सांग. तू कशी आहेस? खोटे बोललीस तर दगड."

शरावती थबकली. कोणीही विचारले की ती 'ठीक आहे' म्हणत आली होती. तुळजालाही तिने तेच सांगितले होते.

"मी आजारी आहे," ती म्हणाली. "फार आजारी आहे. आणि मला भीती वाटते."

चेटकिणीने मान हलवली. मग तिने एका हातात तांब्याचे झाकण धरले आणि दुसऱ्या हातात पेला.

"तिसरे. उद्याच्या सूर्यास्ताआधी हे झाकण राजाच्या हाती पोचले पाहिजे. हा पेला पी. एक दिवस तुझे पाय पहिल्यासारखे होतील. त्यानंतर जन्मभर अंथरूण. नको असेल, तर दुसरे काहीही एक माग."

पेल्याला पहाटेच्या वाटेचा वास होता. शरावतीच्या पोटऱ्या नुसत्या वासाने थरारल्या. एकच दिवस, पण धावता येईल! तिचा हात पुढे गेला. बोटे पेल्याला टेकली. मग तिने हात मागे घेतला.

"पाय नकोत," ती म्हणाली. "मला खांदे द्या. खाली उभ्या असलेल्या त्या सातांचे."

जन्मात पहिल्यांदा तिने कोणाकडे मदत मागितली होती.

चेटकिणीने खाली फुंकर मारली. सात वीरांनी डोळे उघडले. सकाळी त्यांनी दोन भाल्यांना घोंगडी बांधली आणि शरावतीला उचलले.

"धावत नेऊ?" थोरल्या वीराने विचारले.

"नको. हिसके बसले तर पोचेन, पण बोलता येणार नाही. आणि बोलायलाच तर चालले आहे."

सूर्य हातभर वर असताना ते नगरात शिरले. चौकात आजाऱ्यांना एका दोराने ओवून उभे केले होते. राजा उंच आसनावर बसला होता. शेजारी घागर, तिच्यातून तांबडी वाफ अजून निघत होती.

"शरावती," राजा म्हणाला, "उभी राहून बोल."

"उभी राहिले तर बोलणे होणार नाही, महाराज. दोन्हींतले एक मागा."

शिपायांनी भाले उचलले. सूर्याची कड वेशीला टेकली.

"हिलाही दोराला बांधा," राजा म्हणाला.

"बांधा," शरावती म्हणाली. तिचा आवाज विरत चालला होता. "आधी एवढे सांगा. मी नऊ वर्षे आपली पत्रे वाहिली. एक तरी उशिरा पोचले?"

"नाही."

"एखाद्याची मुद्रा फुटली? निरोप खोटा निघाला?"

राजाने हात वर करून शिपायांना थांबवले. मग म्हणाला, "नाही."

"मग हा एक निरोप घ्या. झाकण बसवा. आपल्या हाताने."

थोरल्या वीराने झाकण राजापुढे धरले. सूर्य अर्धा बुडाला. राजाने झाकण घेतले, उलटसुलट करून पाहिले, आणि घागरीवर दाबले.

वाफ थांबली. राजाने मान वर केली आणि त्याचा चेहरा उतरला. इतके दिवस त्याला धडधाकट माणसे दिसत होती. आता राखेसारखे ओठ दिसले, थरथरते गुडघे दिसले, एकमेकांच्या आधाराने कशीबशी उभी असलेली माणसे दिसली.

"खाणीत पाच नेले होते," तो हळूच म्हणाला. "ते कुठे आहेत?"

"चार तिथेच आहेत, महाराज," प्रधान म्हणाला. "तुळजा कुंभारीण गेली."

राजा आसनावरून उतरला. त्याने स्वतः दोर सोडला, गाठीमागून गाठ, शेवटच्या माणसापर्यंत. मग तो तुळजाच्या दारी गेला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. तिच्या नवऱ्याने त्याला आत बोलावले नाही. राजा अंधार पडेपर्यंत तिथेच उभा होता.

नवा ताप कोणाला आला नाही. खाणीतले चौघे घरी आले. राजवैद्याला हुकूम झाला की नाडी पाहून निघून जायचे नाही. प्रत्येक आजाऱ्याच्या उशाशी तीन दिवस बसायचे. पहिल्याच घरात, पहिल्या दिवशी घर झाडणाऱ्या बाईला तिसऱ्या दिवशी हात उचलता येईना, ते पाहिल्यानंतर तो फार कमी बोलू लागला आणि पुष्कळ विचारू लागला.

आजार मात्र एका दिवसात गेला नाही. काही जण वर्षात बरे झाले, काही अर्धे बरे झाले, काहींना अंथरूण सुटले नाही. त्यांच्या घरी राजाच्या कोठारातून धान्य जाई. शरावती पुन्हा धावली नाही. दुसऱ्या वर्षी ती अंगणापर्यंत गेली, तिसऱ्या वर्षी नदीपर्यंत. वाटेत ती चांगली चालता चालता मध्येच थांबे आणि सावलीत आडवी होई. येणारे जाणारे आवाज न करता बाजूने जात. का थांबलीस, असे त्या नगरात तिला कोणी विचारत नसे.

असे त्या राज्यात घडले. ऐकणाऱ्यांची झोप अंगाला लागो.