मासळीचं माहेर

पूर्वी अश्मक देशात एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका तळ्याकाठी नावाड्याच्या घरी जन्मला. तळं तीन कोस लांब, रुंदीला हाकेच्या टप्प्यातलं, पण खोली म्हणाल तर कमरेएवढी. वल्हं नकोच, बांबू गाळात रोवायचा नि नाव पुढे रेटायची. पूर्वेला ओढा येऊन मिळे. त्याचा गाळ तोंडाशी वाढलेल्या लव्हाळ्यात अडे, म्हणून पाणी नितळ राही. आणि आषाढात मासळी अंडी घालायला त्याच लव्हाळ्यात शिरे. बोधिसत्त्वाची आई त्या जागेला मासळीचं माहेर म्हणायची. आई गेली, मागं तो एकटाच उरला.

एका आषाढात कोळ्यांच्या जाळ्यांत काही येईना. त्यांचा म्होरक्या वारुणक सगळ्यांना घेऊन लव्हाळ्यावर चालून आला. बोधिसत्त्वाने नाव वाटेत आडवी घातली.

"बाजूला हो! तुझं काय जातंय? एकट्याचं पोट तुझं!" वारुणक ओरडला.

"बाळंतपणाला आलेल्या लेकीला दारातच धरायचं का रे?"

"मासळीला कसलं आलंय माहेर!" सगळे खो खो हसले.

पार नेणाऱ्यावर हात उगारायचा नाही, अशी तिथली रीत. कोळी माघारी फिरले, पण त्यांनी त्याला वाळीत टाकलं. लोक तीन कोसांचा वळसा घालून पायी जात; त्याच्या नावेत कुणी बसेना. बिचारा रोज रिकामी नाव पल्याड नेई, रिकामीच परत आणी. कुणी हाक मारल्याचा भास होऊन भाकरी टाकून उठे. फार वाईट दिवस होते ते. लव्हाळ्यात मात्र बोटभर पिल्लं वळवळत होती. ती पाहून तो स्वतःशीच म्हणे, "असू दे."

पुढच्या आषाढात पल्याडून खरीच हाक आली. वारुणकाची लेक कुमुदी, दिवस भरत आलेली. दीर तिला काठावर सोडून परतला होता. वाळीत टाकल्याचं सासरी कुणाला ठाऊक!

"काका, माहेरी सोडता ना?"

त्याने नाव पल्याड नेली आणि हात देऊन तिला आत घेतलं.

अल्याडच्या काठावर, लेकीला नावेत पाहून धावत आलेला वारुणक उभा होता. नावेला हात लावावा तर बहिष्कार मोडतो, न लावावा तर अवघडलेली लेक उतरणार कशी?

बोधिसत्त्व म्हणाला, "वारुणका, लेक आणलीय. दार उघडं आहे ना?"

वारुणकाला हुंदका आवरेना. तो पाण्यात शिरला आणि त्याने नावेची दोरी धरली. "चुकलो रे दादा," तो म्हणाला. त्यानंतर आषाढात लव्हाळ्यात कधी जाळं पडलं नाही.

एवढं सांगून भगवंत शास्ते भिक्खूंना म्हणाले, "तेव्हाचा वारुणक तो आजचा भिक्खू उग्रसेन, कुमुदी ती उपासिका वासिका, आणि तो एकटा नावाडी मीच होतो. एकटं पडूनही न ढळणं, यालाच अधिष्ठान पारमिता म्हणतात."