धाकू मेस्त्रींचा हात

खाडीकाठच्या तिवरेखोल गावात सोमगिरी महाराजांचा मुक्काम होता, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. गावाने देवीच्या देवळापुढे सभामंडप बांधायला घेतला होता. मातीच्या भिंती उभ्या राहिल्या, धाकू मेस्त्रींनी मधले खांब रोवून त्यांवर आढे चढवले, आणि वासे कापायच्या आधीच चैत्रात चार दिवसांच्या तापाने ते गेले. सुतार आपला मोजायचा गज आपल्याच हाताच्या मापाने बनवतो. घराण्याच्या रीतीप्रमाणे धाकूंचा गज त्यांच्याबरोबर चितेवर ठेवला गेला. मागे राहिली त्यांची मुलगी येसू. लहानपणापासून ती बापाच्या दोऱ्याचे दुसरे टोक धरीत आली होती. रोज सकाळी महाराजांसाठी पाणी भरून ठेवायचे आणि बोलायचे काही नाही, अशी तिची सेवा.

उरलेले काम पुरे करायला गावाने बंदरावरचे नामांकित भागोजी मेस्त्री आणले. त्यांनी येसूला धाकूंची मापे विचारली. तिने तोंडपाठ सांगितली: भिंतीपासून मधला खांब आठ हात, भिंतीच्या माथ्यावर आढ्याची उंची सहा हात.

“आठ आणि सहा, म्हणजे तिरपा दहा,” भागोजी म्हणाले. “वळचणीचा एक. अकरा हातांचा वासा.”

हिशेब अचूक होता. तरी येसू म्हणाली, “मेस्त्रीकाका, कापण्याआधी आढ्यावरून एकदा दोरा सोडून बघा. बाबा बघायचे.”

भागोजी हसले. “ज्याला गणित येत नाही, त्याला दोरा लागतो, बाय. तू चुलीकडे बघ.” गडीही हसले. तीन दिवसांत झाडून सगळे वासे कापून झाले.

पहिली जोडी वर चढवली, आणि खाली उभा असलेला गाव पुढे सरकला. वासा जेमतेम भिंतीवर टेकला होता. वळचणीला हातभर हवे, तिथे चार बोटेच लाकूड उरले होते. पहिल्याच पावसात मातीच्या भिंती विरघळल्या असत्या. लाकूड तर देवराईतले, देवीचा कौल घेऊन तोडलेले. असा कौल गावाला एकदाच मिळतो.

भागोजींचा चेहरा उतरला. मग ते म्हणाले, “माझं गणित चुकत नाही. धाकूचं मापच खोटं.” त्यांनी आपल्या गजाने खांबाचे अंतर मोजून दाखवले. साडेआठ हातांच्याही वर भरले. गावकऱ्यांनी ठरवले की धाकूंचे आढे उतरवावे, खांब उपटावेत आणि सगळे आखूड करून नव्याने बांधावे.

येसू महाराजांकडे गेली. “बाबांचं माप चुकलं असेल, तर तुम्ही सांगा,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाच्या तोंडून मला ते ऐकवत नाही.”

महाराज उठले. मंडपात येऊन त्यांनी गडी थांबवले. भिंतीशी गुडघे टेकून त्यांनी आपला उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत जमिनीवर ठेवला आणि मोजायला सुरुवात केली. एक. दोन. आठव्या हाताला मधले बोट खांबाला लागले. ना कमी, ना जास्त.

येसू वाकून पाहू लागली. महाराजांची चण बारीक, मनगट मुलासारखे. जमिनीवर टेकलेला हात मात्र रुंद, काळा, उन्हात रापलेला होता. मनगटाच्या वर पटाशीचा जुना वण होता. अंगठ्याचे नख मधोमध चिरलेले. गर्दीतल्या म्हाताऱ्यांनीही तो हात ओळखला. कोणी कोणाकडे पाहिले नाही.

भागोजी पांढरे पडले. प्रत्येक मेस्त्रीचा हात वेगळा, ही या धंद्यातली पहिली गोष्ट. आकडे धाकूंचे घेतले आणि गज आपला लावला, हे त्यांना आता उमगले. दर हाताला दोन बोटे कमी पडत गेली होती. “चूक माझी आहे, महाराज,” ते पुटपुटले. “पण कापलेलं लाकूड वाढत नाही.”

महाराज कापलेल्या वाशांकडे वळले. जमिनीवरच्या वाशाशी बसून त्याच हाताने ते मोजू लागले. या मापाने दहा हातांनंतर लाकूड संपायला हवे होते, चार बोटे उरली असती इतकेच. भागोजी मनात मोजत होते. दहा झाले. अकरावा हात पुढे पडला, आणि त्याच्याखाली लाकूड होते. अगदी टोकापर्यंत. टोकाला भागोजींच्याच करवतीचा भुसा अजून चिकटलेला होता.

दुसरा वासा अकरा. तिसरा अकरा. एकही कमी भरला नाही. पुढे ते वर चढवले तेव्हा भिंतीबाहेर हातभर वळचण सरळ रेषेत उभी राहिली.

शेवटचा वासा मोजून होताच येसू पुढे धावली आणि तिने तो हात दोन्ही हातांत धरला. तोपर्यंत तो महाराजांचा झाला होता. बारीक, गोरा, वण नसलेला. तिने सोडला नाही. महाराजांनीही काढून घेतला नाही.

बऱ्याच वेळाने भागोजी जवळ आले आणि महाराजांच्या पायांवर वाकले.

महाराज म्हणाले, “मी काय मोजलं? ज्याचं माप, त्याला नमस्कार कर.”

भागोजींनी इकडेतिकडे पाहिले. मग धाकूंनी रोवलेल्या खांबापाशी जाऊन, साऱ्या गावासमोर, त्यांनी जमिनीवर डोके टेकले.