पाटलांचे फाटक देवाला निघाले

"दोर कमरेला बांधलास की मागं बघायचं नाही, हिरामण. मागचं मल्हारी बघतो."

बारा गाड्यांपुढे उभ्या असलेल्या हिरामणच्या कानात महाराजांचे हे बोल घुमत होते. रानोबा महाराज त्या चैत्रात बोरखिंडीत मुक्कामाला होते. गावची रीत अशी, की जत्रेला बारा बैलगाड्या बैल सोडून एकामागे एक बांधायच्या, त्यांत माणसे बसवायची, आणि भगताने एकट्याने त्या देवळापर्यंत ओढून न्यायच्या. जुने भगत, हिरामणचे वडील, वारले होते. हिरामण म्हणजे वाळलेली शेवग्याची शेंग! सदरा त्याने घातलाय की दोरीवर वाळत टाकलाय, असे वाटावे.

"ह्याच्यानं विहिरीतली घागर वर येत नाही," संभूराव पाटील पारावर म्हणाले होते. "गाड्या हलल्या नाहीत, तर भगतपण माझ्या पुतण्याकडं. पैलवान आहे." घरातली पिढ्यान्‌पिढ्यांची सेवा जाणार, या धास्तीने हिरामणला घास गोड लागेना.

पाटलांना तेवढ्यावरही चैन पडेना. जत्रेच्या सकाळी त्यांनी शेवटच्या गाडीच्या कण्याला जाड नाडा अडकवून दुसरे टोक आपल्या सागवानी फाटकाला बांधले. समोरच्या ओसरीवर महाराज जपाला बसले होते. डोळे मिटूनच म्हणाले, "पाटील, गाठ पक्की मारा हं. देवाच्या कामात ढिलाई नको."

"क... कसली गाठ, महाराज?"

"मारताय ती."

म्हातारा बरळतोय, असे समजून पाटलांनी आणखी एक वेढा घातला!

भंडारा उधळला. "येळकोट येळकोट जय मल्हार!" हिरामणने जोर केला. गाड्या जागच्या जागी!

"भाकरी खाऊन आलास, का नुसता वास घेऊन?" कोणीतरी ओरडले. पैलवानाने सदरा काढला. हिरामणचे डोळे भरून आले. मान मागे वळणार, तोच देवळाच्या पायरीवर उभे असलेले महाराज दिसले. महाराजांनी हात उचलला.

"मल्हारी!" म्हणत त्याने हिसका दिला, आणि कडकडाट करीत पाटलांचे फाटक चौकटीसकट निघाले! पाटील धरायला धावले, तो धोतराचा सोगा कडीत अडकला. पुढे गाड्या, मागे फाटक, फाटकावर पालथे पाटील, अशी वरात देवळापाशी आली.

"अगं बाई, पाटलांनी लोटांगण घातलं! घरचं दारसुद्धा देवाला दिलं!" म्हणत चिंधामावशी सगळ्यांआधी त्यांच्या पाया पडली. मागून रांगच लागली. भंडाऱ्याने पिवळे झालेले पाटील हळूहळू ताठ बसले. मिशीवरून हातही फिरवू लागले.

महाराज जवळ आले. "पाटील, नवस कधी बोलला होतात हो?"

समोर मल्हारी, खोटे कसे बोलावे? तेवढ्यात हिरामण वाकला. त्याच्या कमरेवर दोराचे वळ उठले होते, आणि तो भाबडा जीव पाटलांनाच विचारत होता, "मालक, लागलं का हो कुठं?"

पाटलांचा बांध फुटला. महाराजांच्या पायांवर डोके ठेवून ते हुंदके देऊ लागले. "मीच बांधलं होतं, महाराज!" ढोलांच्या गजरात ते महाराज आणि हिरामण यांनाच ऐकू आले.

"असू दे," महाराज म्हणाले. "पण हे जे नमस्कार घेतलेत, ते उसने आहेत. उसनं घरात ठेवू नये."

"परत करीन, महाराज. दारोदार जाऊन, खरं सांगून."

दुसऱ्या सकाळी अंगणांत सडे पडत होते. संभूराव वहाणा घरीच ठेवून, कोणाला न सांगता, चिंधामावशीच्या झोपडीकडे लंगडत निघाले.