माळिणीचा दिवस

फार पूर्वी, बैलगाडी जुंपल्याशिवाय कुणाला दूर जाता येत नसे, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात तीन मैत्रिणी राहत होत्या. एक कुंभारीण, एक शिंपीण आणि एक माळीण.

कुंभारीण फटकळ होती. शिंपीण बडबडी होती. माळीण मात्र कुणालाच कधी नाही म्हणत नसे. "माळिणीसारखी गुणी बाई शोधून सापडायची नाही," असे गावातले लोक म्हणत, आणि ते कानावर आले की माळिणीला मनातून बरे वाटे.

त्या गावची एक रीत होती. सुगी आटोपली की मैत्रिणी मिळून काही दिवस फिरायला निघत. वाटेत भांडणे होऊ नयेत म्हणून एकेक दिवस एकेकीचा धरत. जिचा दिवस, तिचा शब्द. कुठे जायचे, कुठे उतरायचे, काय शिजवायचे, ते तिने ठरवायचे. बाकीच्यांना कुरकुर करायची मुभा होती, पण मागे फिरायची नव्हती.

एके वर्षी या तिघी कुंभारिणीच्या गाडीतून निघाल्या.

पहिला दिवस कुंभारिणीचा. माती तुडवून तुडवून तिचे गुडघे धरले होते. तिने गाडी थेट गरम पाण्याच्या कुंडावर नेली आणि पाण्यात पाय सोडून बसली, ती संध्याकाळपर्यंत उठलीच नाही.

"अगं, आम्ही इथं काय करायचं? कुंडात डाळ शिजत घालू का?" शिंपिणीने विचारले.

"घाल. माझ्यापासून जरा लांब घाल म्हणजे झालं," कुंभारीण म्हणाली.

शिंपिणीने पोटभर कुरकुर केली आणि मग तीही पाय सोडून बसली.

दुसरा दिवस शिंपिणीचा. तिने दोघींना एका जत्रेत नेले आणि कापडाच्या प्रत्येक दुकानापुढे उभे केले. प्रत्येक ताग्याचे टोक बोटांत धरून ती चोळून पाहत होती. घेत काहीच नव्हती.

"घ्यायचं नाही तर चोळतेस कशाला?" कुंभारीण वैतागून म्हणाली.

"चोळल्याशिवाय कापड कळतं का बाई? तू नाही का मडकं वाजवून बघत?"

तिसरा दिवस माळिणीचा होता.

"बोल, कुठं जायचं?" दोघींनी विचारले.

माळिणीला समुद्र पाहायचा होता. विहिरीचे पाणी शेंदून वाफ्यांना घालण्यात तिचा जन्म गेला होता. पलीकडे घाट उतरला की पाणी आपणहून चालत पायाशी येते, असे तिने लहानपणी ऐकले होते. तेव्हापासून ते एकदा तरी पाहावे असे तिच्या मनात होते. पण ते तिने कधी कुणाला सांगितले नव्हते.

"मला काय, काहीही चालेल," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तिकडं जाऊ."

तिला वाटले, दोघी आग्रह करतील. म्हणतील, असं कसं, तुझा दिवस आहे. पण त्यांनी तिचा शब्द खरा मानला.

"मग जत्रेतच राहू या की अजून एक दिवस," शिंपीण आनंदाने म्हणाली. माळीणही हसली.

पुढे पुन्हा तिची पाळी आली. पुन्हा विचारल्यावर ती म्हणाली, "तुमच्या मनात असेल ते चालेल मला." मग गाडी पुन्हा कुंडावर गेली.

त्या दिवसापासून माळिणीच्या आत काहीतरी धुमसू लागले. ती गाडीच्या मागच्या बाजूला, दोघींकडे पाठ करून बसू लागली.

"पाणी हवं का गं?"

"असू दे."

"डोकं दुखतंय का?"

"नाही."

"मग रागावलीस का आमच्यावर?"

"मी कशाला रागावू?"

दोघी मैत्रिणी गोंधळल्या. माळीण कधीच रागवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. तेव्हा नक्कीच कुणीतरी तिला दुखावले असणार. आपण तर काही केलेले नाही, मग दुसरीनेच केले असणार, असे दोघींनाही वाटू लागले.

"तू तिच्या लुगड्याला हसलीस, ते लागलं असेल तिला," कुंभारीण म्हणाली.

"मी? आणि तिची भाकरी चावून दात हलले, असं कोण म्हणालं?"

"मी ते गमतीनं म्हणाले."

"तुझी गंमत दगडासारखी असते. लागते ती."

शब्दाने शब्द वाढत गेला. दोन दिवस गाडीत हेच चालले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याला फाटा आला. डावीकडची वाट गावाकडे जात होती, उजवीकडची घाटाकडे. तिथे शिंपिणीने आपले गाठोडे खाली टाकले आणि स्वतःही उतरली.

"मी जाते पायी. पुन्हा काही तुझ्या गाडीत पाय ठेवायची नाही."

"नको ठेवूस. बैलांना बरंच होईल."

माळीण मागे बसून ऐकत होती. ती गप्प राहिली असती तर दोघी कायमच्या तुटल्या असत्या आणि गाव तिला पहिल्यासारखेच गुणी म्हणत राहिले असते. बोलायचे तर चांगुलपणाआड इतके दिवस काय चालले होते, ते सांगावे लागणार होते. शेवटी ती खाली उतरली.

"तुम्ही कुणीच मला काही केलेलं नाही," ती म्हणाली. "मला समुद्र बघायचा होता."

गाठोड्याकडे वाकलेली शिंपीण सरळ झाली.

"मग बोलली का नाहीस?" कुंभारिणीने विचारले.

"तुम्ही विचाराल असं वाटलं."

"विचारलं की. दोन्ही वेळा विचारलं."

"पुन्हा एकदा विचाराल असं वाटलं."

"म्हणजे आम्ही इकडं मजा करायची," शिंपीण म्हणाली, "आणि तू तिकडं आमच्या नावानं बोटं मोडायची?"

"हो," माळीण म्हणाली. "तेच केलं मी."

हे ऐकून कुणाला आनंद झाला नाही. शिंपीण चांगलीच चिडली होती. "तुझ्या चांगुलपणापायी मी आता उन्हातान्हात पायी निघाले होते," ती म्हणाली, आणि गाठोडे उचलून पुन्हा गाडीत आपटले.

कुंभारीण थोडा वेळ बैलांच्या पाठीवर हात फिरवत उभी राहिली. मग तिने विचारले, "आज कुणाचा दिवस आहे?"

"माळिणीचा," शिंपीण फुरंगटून म्हणाली.

"मग सांग तिला, तोंड उघड म्हणावं."

"समुद्रावर जायचं," माळीण म्हणाली.

"मला त्या घाटात यायचं नाही. गाडी हिंदकळते आणि माझे गुडघे ठणकतात," कुंभारीण म्हणाली आणि तिने बैल उजवीकडे वळवले.

उन्हे डोक्यावर आली तेव्हा त्या किनाऱ्याला पोचल्या. तिथे पाणी नव्हतेच. लांबच लांब ओला गाळ पसरला होता, त्यात खेकडे पळत होते आणि पार पलीकडे एक पांढरी रेघ दिसत होती.

"हाच का तो समुद्र?" शिंपीण म्हणाली. "यापेक्षा आपलं तळं बरं. निदान त्यात म्हशी तरी डुंबतात."

पाटी घेऊन एक कोळीण चालली होती. ती थांबून म्हणाली, "ओहोटी आहे, बायांनो. उन्हं कलली की येईल पाणी."

"उन्हं कलेपर्यंत थांबलो तर आज घाट चढता यायचा नाही," कुंभारीण म्हणाली. "लांबून का होईना, पाहिलास ना समुद्र? चल आता."

माळिणीने दोघींचे दमलेले चेहरे पाहिले. आपल्यासाठी या इतक्या लांब आल्या, आता आणखी काय मागायचे, असे तिला वाटले. एकदा मागणे अवघड होते, पण दुसऱ्यांदा मागणे त्याहून अवघड होते. 'चालेल' हा शब्द तिच्या ओठांवर आलाच होता. तिने तो गिळला.

"नाही," ती म्हणाली. "पाणी येईपर्यंत मला थांबायचंय. घाट उद्या चढू."

"उद्या माझा दिवस आहे."

"मग उद्या तू म्हणशील तसं. आज थांबायचं."

कुंभारिणीने तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत बैल सोडले. शिंपिणीने सावली नाही म्हणून कुरकुर केली, भाकरीत वाळू गेली म्हणून केली, आणि शेवटी गाडीखाली घोंगडी अंथरून झोपून गेली.

उन्हे कलल्यावर आधी गाळ चमकू लागला. मग पाण्याचा एक पातळ पदर सरकत आला. तो माळिणीच्या बोटांना लागला, मागे गेला आणि पुन्हा आला. ती लुगड्याचा काठ धरून उभी होती.

थोड्या वेळाने कुंभारीण तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"थंड आहे. माझ्या गुडघ्यांना काही उपयोगाचं नाही," ती म्हणाली, पण अंधार पडेपर्यंत तिथून हलली नाही.

गावी परतल्यावर शिंपिणीने सगळ्यांना सगळे सांगितले. "माळीण आता पहिल्यासारखी राहिली नाही," असे काहीजणी म्हणू लागल्या, आणि तेही तिच्या कानावर आले. पण पुढच्या वर्षी सुगी सरली, तेव्हा दोघी मैत्रिणी गाडी जुंपून सर्वांत आधी तिच्याच दारात येऊन उभ्या राहिल्या.

तात्पर्य: सोबत्यांपाशी आपली इच्छा मोकळेपणाने बोलावी. मनात दाबलेली इच्छा पुढे राग होऊन बाहेर पडते, आणि तो सोसावा लागतो तो ज्यांना काहीच ठाऊक नसते त्यांना.